दोष ड्रायव्हरचा

"तुमच्या बसमध्ये मुलं बसतात, म्हणून सांगायला आले," ती म्हणाली. "नाहीतर मला काय पडलंय?"

मुख्याध्यापिकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण माणूस चांगला वाटतो हो. मुलं त्याला मामा म्हणतात."

"हा मामा तेव्हा अँब्युलन्स चालवत होता. माझ्या आईला त्यानेच रुग्णालयात नेलं. उपचार सुरू व्हायला उशीर झाला आणि आई गेली. चौकशी झालीय. दोष ड्रायव्हरचा निघालाय."

आवाज चढवावा लागला नाही. 'चौकशी' या शब्दाने आपलं काम केलं. अँब्युलन्सच्या कंत्राटदाराने त्याला कामावरून काढायलाही तेवढाच पुरला होता.

रुग्णालयाच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा ती आईचं कपाट आवरत होती. "मॅडम, दोष ड्रायव्हरचा निघाला," कारकून म्हणाला होता. "सविस्तर समजावून सांगायला तुम्हाला एकदा बोलावणार..." पुढचं ऐकायला ती थांबली नव्हती. सविस्तर काय असणार? आई गाडीत, आपण दुसऱ्या शहरात, आणि हा कुठेतरी रेंगाळला.

परदेशातून धाकट्या भावाने समजावून पाहिलं. "ताई, सोड ना आता. हात धुऊन त्याच्या मागे लागून आई परत येणार आहे का?"

"तो खुशाल स्टिअरिंग फिरवणार आणि मी सोडू?"

"तू हेरखात्यात का नाही गेलीस?" त्याने हसवायचा प्रयत्न केला. तिने फोन ठेवून दिला.

शाळेच्या फाटकाशी तो उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी. बसची किल्ली त्याने मुठीत धरली होती.

"ताई, तुम्ही त्या आजींच्या...?"

"मुलगी."

"आजी सारखं विचारत होत्या, माझी मुलगी पोचेल ना वेळेवर?"

ती त्याला वळसा घालून पुढे निघाली.

"मी कुठे थांबलो नाही, ताई. सायरन बंद केला नाही. पण पोचलो तर दारात कुणीच नव्हतं. ना डॉक्टर, ना स्ट्रेचर. शेवटी मीच आत गेलो."

"मग चौकशीत आलंय ते खोटं?"

"माझं नाव आलंय?"

"नाव कशाला हवं? ड्रायव्हर म्हटलं की समजलं."

तो किल्लीकडे बघत राहिला. "शिकल्यासवरल्या माणसांनी शोधलंय म्हणजे असेल. मला तर अजून उमजत नाही कुठे चुकलो." त्याने किल्ली रखवालदाराच्या हातात दिली. "आता गाडीला हात लावणार नाही. तुम्ही म्हणता म्हणून नव्हे. माझीच छाती होत नाही."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

रुग्णालयातली भेट दुसऱ्या दिवशी होती. समजावून सांगायला रुग्णालयाचा इंजिनीअर होता, गोल चेहऱ्याचा, बोलका गृहस्थ. त्याने उठून तिला खुर्ची दिली.

"आधी माफी मागतो, ताई. तो ड्रायव्हर आम्ही तेव्हाच काढून टाकला."

"त्याआधी का नाही काढला?"

"चालतंय तोवर चालू दे, आणखी काय! कच्चा होता, हे कानावर आलं होतं. जवळून कुणी वेडंवाकडं काही फेकलं की हा जागच्या जागी गार. मग काही केल्या हलायचा नाही."

"आणि अशाच्या भरवशावर तुम्ही आजारी माणसं सोडता?"

"तेच तर. आणि कुणी मुद्दामही त्याला असं अडवू शकलं असतं. ओळख नको, परवानगी नको, नुसतं जवळ असलं की पुरे. त्या दिवशी मात्र कुणी मुद्दाम केलं नाही. शेजारच्या गाडीतून काहीतरी भलतंसलतं आलं आणि याने मान टाकली."

तिच्या डोळ्यांपुढे चौकातलं भांडण उभं राहिलं. शिव्या, हातवारे, आणि मागे पडलेली आई.

"तुम्ही काढलात, पण तो शाळेची बस चालवायला लागला होता," ती म्हणाली. "काल मी तिथूनही त्याला घालवला. आता तो पुन्हा कधी गाडी चालवणार नाही."

इंजिनीअर चपापून उठला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"ताई, मी अँब्युलन्समधल्या मॉनिटरबद्दल बोलतोय. त्यात वायफाय चालवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. शेजारच्या गाडीतल्या वायफायचा बिघडलेला संदेश आला आणि तो अडकला, म्हणून आईंच्या हृदयाचे ठोके इथल्या पडद्यावर आलेच नाहीत. त्या येतायत हेच इथे कुणाला कळलं नाही." त्याने घसा साफ केला. "गाडी चालवणाऱ्या माणसाने तर त्यांना दोन्ही हातांवर उचलून आत धावत आणलं होतं."