ठेवायला दिलेलं वय

सुलक्षणाला वडिलांचा संशय येत होता. एकाहत्तरीचे अण्णा आरशासमोर अर्धा अर्धा तास भांग पाडत, गॅलरीत कुजबुजत फोनवर बोलत आणि काही विचारलं की धाडकन दार लावून घेत. हे होणार याची कल्पना डॉक्टरांनी दिलीच होती. तिला खुपत होतं ते वेगळंच. मुलाची दहावीची परीक्षा केव्हाच संपली होती, तरी अण्णा परतीचा विषय टाळत होते.

"अण्णा, दार उघडा! उद्या दवाखान्यात जायचंय."

"मी नाही येणार!"

"ओरडू नकोस गं आई," पेपराची नीट घडी घालत पंधरा वर्षांचा ओजस म्हणाला. "त्यांचं वयच तसं आहे."

"अरे, ते अडनिडं वय तुझं आहे! अभ्यासात आड येऊ नये म्हणून परीक्षेपुरतं त्यांच्याकडे ठेवायला दिलं होतं. आता ते परत द्यायचं नाव काढत नाहीत."

"मी कधीचा द्यायला तयार आहे!" दाराआडून अण्णा रडवेल्या आवाजात ओरडले. "तोच घेत नाही! वर मलाच गप्प बसवतो!"

सुलक्षणाने वळून मुलाकडे पाहिलं.

"कशाला हवंय ते आता?" ओजस शांतपणे म्हणाला आणि लहान मुलीची समजूत काढावी तसा त्याने आईच्या डोक्यावरून हात फिरवला.