खेचराचे दहा गुण

फासा पुठ्ठ्याच्या आडोशामागे गडगडला आणि थांबला. चिमीनं मान लांब करून पाहिलं, पण चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तिच्या पाठीमागे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आईला मात्र आकडा स्पष्ट दिसला. वीस बाजूंच्या फाशावर फक्त दोन.

“काय म्हणतंय जंगल?” टेबलापलीकडून आजोबांनी विचारलं.

“बरोबर वाट,” चिमी म्हणाली. “समोर पूल दिसतोय.”

“दिसणारच. तीस वर्षं बस हाकलीय मी. एक थांबा चुकला नाही.”

“मग दिशाज्ञानाला एकच गुण का हो घेतलात?” आईनं विचारलं. या गोष्टीच्या खेळात आजोबांचं पात्र होतं वाटाड्याचं, आणि त्याला मिळालेले सगळे गुण त्यांनी ताकद आणि गप्पा यांवर उधळले होते. दिशाज्ञानाच्या चौकटीत जेमतेम एक उरला होता. वर तलवार नको म्हणून त्यांनी एक खेचर मागून घेतलं होतं.

“ड्रायव्हरला रस्ता पाठ असतो, सूनबाई. चिंता प्रवाशांनी करायची.”

खेळ चिमी चालवायची. नुकतीच दहा वर्षांची झाली होती आणि तिचे नियम कडक होते. बाकीचे फासे ज्याचे त्यानं उघड्यावर टाकायचे. दिशाज्ञानाचा फासा मात्र खेळ चालवणारानं, तोही लपवून. कारण वाट चुकलेल्याला आपण चुकलोय हे कळत नसतं. शिवाय गुणांच्या कागदाच्या पाठीवर आपल्या पात्राचं एक गुपित लिहायचं. खेळ संपेपर्यंत ते कुणीही वाचायचं नाही, अगदी चिमीनंसुद्धा.

चुकलेल्याला कळत नसतं. आईला आठवलं, काल नवराही हेच म्हणाला होता. गेल्या महिन्यात आजोबा दाढी करायला गेले ते दोन तासांनी परतले, ‘जुना दोस्त भेटला’ म्हणत. शेजारच्या वहिनींनी त्यांना दवाखान्याच्या चौकात एकटंच उभं पाहिलं होतं. “चुकले तर चुकले, विचारतील कुणाला तरी,” नवरा म्हणाला. “पण चुकलोय हेच त्यांना कळत नसेल तर? आणि हाताला आपली पोर.”

सोमवारपासून चिमीला शाळेतून व्हॅन आणणार होती. चार वाजता शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं, हे आजोबांना उरलेलं एकच काम. त्यासाठी ते तीनपासून बूट चढवून बसत. ते काम गेलं हे त्यांना आज सांगायचं होतं, आणि सांगणं आईच्या गळ्यात पडलं होतं. व्हॅनवाल्याचा मेसेज सकाळपासून तसाच होता. ‘सोमवारपासून नक्की ना?’

ती चहा टाकायला उठली. चिमी पाणी प्यायला मागोमाग आली.

“दोन पडले होते,” आई हळूच म्हणाली. “लबाडी कशाला केलीस?”

“लबाडी नाही गं. दोन आणि आजोबांचा एक, झाले तीन. खेचराचे दहा मिळवले की तेरा. बाराला पास.”

“खेचराला दहा? हे त्यांना माहितीये?”

“छे. वाटाड्या आहेत ना ते. वाईट नाही का वाटणार?” चिमीनं पेला पालथ्या हातानं पुसला. “खेचर काही करत नाही. वळण आलं की नुसतं अर्धं पाऊल पुढे होतं. आजोबांना वाटतं आपणच वळलो. फक्त दवाखान्याच्या चौकात हात ओढायला लागतो.” ती अडखळली. “म्हणजे लगाम.”

आईचा हात साखरेच्या डब्यावरच राहिला. चिमी पळाली.

म्हणजे नवऱ्याचं खरं होतं. रोज चार वाजता आणणारा कोण आणि येणारं कोण, हे या घरात फक्त एका दहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. आजोबांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि भीती तर त्याचीच होती. तिनं फोन उचलला. ‘हो, नक्की’ असं लिहिलं. पाठवायच्या आधी चहा उतू गेला.

कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा टेबलाशी कुणी नव्हतं. आजोबा नि नात गॅलरीत उभे राहून पूल मोडका आहे की धड यावर हुज्जत घालत होते. घाईत एक कप हिंदकळला आणि चहा आजोबांच्या कागदावर सांडला. तिनं तो चटकन उचलून पदरानं टिपला. टिपता टिपता तो उलटा झाला.

नियम मोडायचा नव्हता. पण आजोबांचं अक्षर मोठं होतं, बसच्या पाटीसारखं.

‘गुपित : वाटाड्याला हल्ली वाट आठवत नाही. हे त्याला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तो एकटा लांब जात नाही, आणि खेचर जिथे वळेल तिथे वळतो. खेचर, वय वर्षं दहा. आजवर एकदाही चुकलेलं नाही.’

ती खुर्चीत बसली. गॅलरीतून आजोबांचा आवाज आला, “मी सांगतो ना, पूल धडच आहे.” तिनं फोनवरचं ‘हो, नक्की’ एकेक अक्षर करून पुसलं आणि ‘नको, आमची सोय आहे’ असं लिहून पाठवलं. नवऱ्याशी काय बोलायचं ते रात्री बघू.

कागद होता तसा ठेवायला गेली, तेव्हा कुठे तिला तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली.

‘खेचराला यातलं काही कळू देऊ नये. पुढे चालताना ते फार ऐटीत असतं.’