ठणठणीत अपेंडिक्स

"काही झालेलं नसताना मी पोट फाडायचं?" सर्जननी रिपोर्ट टेबलावर टाकले. "तुमचं अपेंडिक्स ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा ठणठणीत. माझ्याकडे लोक पोट धरून, वाकून येतात. चांगल्या चालत आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मामासोबत आलेली भाची हसली नाही. तिचं सगळं या एका होकारावर अडलं होतं. दोन महिन्यांनी जहाज सुटणार होतं. ते जिथे जाणार त्या बर्फातल्या संशोधन तळावर मोजकी माणसं वर्षभर राहणार, आणि हिवाळा लागला की तिथे ना जहाज येत ना विमान. डॉक्टर एकच. त्याच्या भरवशावर कोण राहणार? म्हणून तळाचा नियमच होता की अपेंडिक्स घरीच काढून यायचं. पोटात घेऊन आलेल्याला जहाजावर पाय ठेवू देत नाहीत. आधीच्या दोन सर्जननी तिला जवळजवळ हाकलून दिलं होतं.

शेजारच्या खुर्चीत मामा बसला होता. मामाचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. कितीही साबण लावला तरी हाताचा ऑइलचा वास काही जायचा नाही. तिला लहानाची मोठी त्यानेच केली, आणि ती बर्फावर जाणार हे कळल्यापासून तोंड फुगवून बसला होता तोही तोच. आज न बोलावता सोबत आला होता. का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर नाही म्हणताना त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

"पण तिथे जाऊन करणार काय?" सर्जननी विचारलं.

"जुनी हवा मोजणार," भाची म्हणाली. "बर्फ साठत जातो तसे त्यात हवेचे बुडबुडे अडकत जातात. खोलवरचा बर्फ काढला की हजारो वर्षांपूर्वीची हवा हातात येते. तेव्हा कार्बन किती होता, आता किती झालाय, पुढे जग किती तापणार, हे त्यावरून कळतं."

"मग बर्फ इथे मागवून घ्या की."

"तेच तर करतेय इतकी वर्षं. दुसऱ्यांनी काढलेला बर्फ तपासतेय. येईपर्यंत त्याला तडे जातात, हवा निसटून जाते, आणि मग आम्ही अंदाज बांधत बसतो. एकदा तरी मला तो तिथेच, काढल्या काढल्या मोजायचाय, डॉक्टर."

शेवटाला तिचा आवाज चिरकला आणि तिला स्वतःचाच राग आला. हवामानाचा अभ्यास करायचा म्हणून तिने काय काय सोडलं, किती जणांची बोलणी खाल्ली, आणि आता गाडं अडलं कुठे, तर बोटाएवढ्या आतड्याच्या शेपटावर.

सर्जन चष्मा पुसत मामाकडे वळले. "घरचं वडीलधारं माणूस म्हणून तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

झालं. भाचीने डोळे मिटून घेतले. मामाने फक्त 'नको' म्हणायचं होतं, आणि ते तर तो गेले कित्येक दिवस उठताबसता म्हणतच होता.

मामा खाकरला. "साहेब, मी फ्रिज दुरुस्त करतो. गिऱ्हाईक माझ्याकडे कधी येतं माहितीये? आतलं सगळं नासून वास सुटला की. मग म्हणतं, आत्ताच्या आत्ता करून द्या. ही एवढीशी होती तेव्हा दुकानात चालू फ्रिजला कान लावून बसायची. म्हणायची, मामा, याचा आवाज बदललाय. मी म्हणायचो, गप गं, चांगला गार करतोय. मग एक दिवस तो बंदच पडायचा."

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"बंद पडायच्या आधी कान लावून ऐकणारं माणूस सहसा मिळत नाही हो. ही तसलीच आहे, काय करणार. मला तिचं जाणं पटत नाही. अजिबात पटत नाही, आत्ताही नाही. पण तुम्ही काढा ते."

प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने मामाचे आभार छापले होते, 'सदैव ऋणी' वगैरे. ते किती कोरडं होतं ते तिला आत्ता कळलं. तिने त्याचा तो ऑइलचा हात घट्ट धरला आणि डोळ्यांतलं पाणी येईल तसं येऊ दिलं.

"रडू नकोस, चिमे," मामा पुटपुटला. "डॉक्टरांना वाटेल खरंच पोटात दुखतंय."

सर्जन पहिल्यांदाच हसले. त्यांनी डायरी उघडली. "सोमवारी या. दुर्बिणीतून करू, फार त्रास नाही व्हायचा. पण नंतर महिनाभर हिने वजन उचलायचं नाही, प्रवास करायचा नाही, प्रयोगशाळेचं तर नावच काढायचं नाही. घरी राहायचं आणि कोणीतरी सतत जवळ पाहिजे. जमेल?"

"घरी म्हणजे, माझ्याकडे?" मामाने विचारलं.

"हो, आणखी कुठे?"

शिकायला बाहेर पडल्यापासून भाची दोन रात्रींच्या वर कधी घरी टिकली नव्हती. मामा खुर्ची पुढे ओढून, ती शेजारीच बसलेली असताना तिला ऐकू जाऊ नये इतका आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, दीड महिना सांगता आला तर बघा ना."