झिजलेली बोटं

ओव्हनमधून धूर येताच आजी धावली. टच पॅनलवर बोट दाबून दाबून ती रडकुंडीला आली, पण ओव्हन बंद होईना. प्लग त्याच्याच मागे अडकलेला. काल मेकॅनिक म्हणालेला, “पॅनल ठणठणीत आहे, आजी. तुमचीच बोटं झिजलीत, त्याला कळत नाहीत.” आजीनं मात्र सुनेला ठोकून दिलं, “दुरुस्त झाला गं!” कारण सुनेनं आधीच बजावलेलं, “तुम्हाला झेपत नसेल तर बाळाला पाळणाघरात ठेवू.” आज पाव भाजायला लावून, “वीस मिनिटांनी बंद करा,” म्हणत ती कामावर गेली होती. आजीनं बाळाला उचलून त्याचं इवलंसं बोट पॅनलवर टेकवलं. ओव्हन थांबला. संध्याकाळी सुनेनं विचारलं, “पाव कसा झाला?” “फस्त केला की!” “मग ओव्हन लावा, दुसरा भाजू.” आजी पॅनलपुढे गेली. कडेवरच्या बाळानं शहाण्यासारखं बोट पुढे केलं.