एका दमात

अर्ध्या यवतमाळच्या गालात तंबाखूचा खर्रा असतो, म्हणून तलावावर पोहणं शिकवणाऱ्या स्पृहा मॅडमचा कायदा कडक होता. खर्रा खाऊन कोणी पाण्यात उतरला, की त्याचं नाव कायमचं कटलं.

रिटायर झालेल्या नीळकंठरावांचं दुखणं वेगळंच होतं. फ्रीस्टाइल करताना दर दोन हातांनी मान वळवून हा माणूस मगरीसारखा जबडा फाडायचा, अर्धा तलाव पिऊन टाकायचा आणि मधेच काठाच्या दांडीला लटकायचा.

"काका, आज मधात थांबले तर उद्यापासून लहान पोरायच्या बॅचमध्ये!" मॅडमने गेटवरच अडवून बजावलं.

नीळकंठराव हूं की चूं न करता थेट पाण्यात शिरले. आणि काय सांगावं! ओठ घट्ट मिटलेले, डोळे बाहेर आलेले, पण गडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेला. साऱ्या तलावाने टाळ्या पिटल्या.

"याले म्हणतात दम! काका, कसं जमवलं? सांगा न पोरायले."

 

नीळकंठरावांनी डोळे मिटले, गेटवर थुंकायचा राहून गेलेला अख्खा खर्रा गिळला आणि म्हणाले, "काही नाही मॅडम, तोंड उघडाचंच नाही."