मधलं नाव

"हा बघ, शाळेतला दिगू. पार टक्कल पडलंय," अण्णा हसत म्हणाले. सकाळीच भाच्यानं त्यांना त्या नव्या साइटवर खातं उघडून दिलं होतं. तेव्हापासून कधीची हरवलेली माणसं एकेक करून सापडत होती. शेजारी बायको गवार मोडत बसली होती.

'यांना तुम्ही ओळखत असाल' म्हणत साइटनं पुढचा चेहरा दाखवला आणि अण्णांचं बोट थबकलं. शलाका. जातीबाहेर लग्न केलं म्हणून ज्या मुलीला त्यांनी दार बंद केलं होतं, ती. कानाजवळचे केस पिकले होते. पण मधलं नाव नवऱ्याचं नव्हतं, अजून त्यांचंच होतं. शलाका विश्वनाथ.

ते त्या नावाकडे बघत राहिले. मग बायकोचं लक्ष नाही असं बघून त्यांनी मैत्रीची विनंती पाठवली आणि लेकीचे आणखी फोटो असतील म्हणून तिचं पान खाली सरकवत गेले. तिथे तिच्या विद्यार्थ्यांनी गेल्या दिवाळीत लिहिलं होतं, 'मॅडम, भावपूर्ण श्रद्धांजली.'

अण्णांनी फोन बायकोपुढे धरला. तिनं वर बघितलं नाही.

"मला ठाऊक आहे. बहिणीकडे जाते सांगून मी जाऊन आले तेव्हा."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तिच्या लग्नाच्या दिवशीच तुम्ही तिच्या नावानं आंघोळ करून मोकळे झाला होतात," ती म्हणाली. "परत काय सांगायचं?"