फाझाची चकती

"आली! होडी आली!" शेजारची तिमा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आली, आणि रिझिकीच्या हातातलं हलव्याचं ताट कलंडता कलंडता राहिलं.

"कुठली होडी? आज लामू बेटावर होड्यांना काय तोटा आहे!" रिझिकी म्हणाली. पण डोक्यावरून घेतलेलं कांग्याचं रंगीत वस्त्र सावरत ती दाराकडे धावलीसुद्धा. साठीच्या बाईने धावू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

"नाखवा अथमानची. तुझी फाझावाली शिडाखालीच बसलीय, काळ्या बुरख्यात. धक्क्यावर गाढवांची ही गर्दी, म्हणून मी पुढे पळत आले."

मौलिदचा, पैगंबरांच्या जन्मोत्सवाचा दिवस होता. गल्लीगल्लीत डफ वाजत होते, आणि रिझिकीची छाती त्याहून जोरात धडधडत होती. इतकी वर्षं जिच्याशी बोलली, ती बाई आज पहिल्यांदा दिसणार होती.

बोलली म्हणजे सुईने. लामूची पांढरी टोपी दोन तुकड्यांची असते. डोक्याभोवतीची पट्टी आणि वरची गोल चकती. दोन्हींवर बारीक बारीक भोकं पाडायची, प्रत्येकाला काजाचा टाका घालायचा आणि त्यांतून फुलं उमलवायची. पट्टी रिझिकी भरायची. चकती अथमानच्या होडीतून फाझा गावाहून यायची. ती भरणाऱ्या बाईला सगळे कासिमची आई म्हणायचे, म्हणून रिझिकीही तेच म्हणायची.

रिझिकीची एक खोड होती. प्रत्येक पट्टीत एका फुलाचं एक भोक ती पाडायचीच नाही. नुसता टाका फिरवून बंद ठेवायची. नवरी असताना तिने होणाऱ्या नवऱ्यासाठी, ओमारीसाठी टोपी भरली, तेव्हा आनंदाच्या भरात ते एक राहून गेलं होतं. आई उसवायला निघाली, हिने उसवू दिलं नाही. पुढे तीच तिची खूण झाली. फाझाहून पहिली चकती आली तेव्हा रिझिकीने ती उजेडात धरली आणि किंचाळलीच. तिच्यातही एक भोक बंद!

पुढच्या पट्टीत तिने मुद्दाम दोन बंद ठेवली. चकती आली ती दोन बंद घेऊनच. हिने एक फूल उलटं काढलं, तर तिकडून अख्खी वेल उलटी आली. टोप्या विकणाऱ्या दुकानदाराने आधी कपाळावर हात मारला, पण गिऱ्हाइकं तशीच टोपी मागायला लागल्यावर गप्प बसला.

ओमारी सियू गावी दुसरी बायको करून तिकडेच राहिला, तेव्हापासून या घरात बोलायला कोणी नव्हतं. तो वारला तेव्हाही रिझिकी सियूला गेली नाही. सवतीचं नाव, तिच्या पोराबाळांची खबर, काही म्हणजे काही या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असा तिचा कडक नियम होता. फाझाच्या चकत्या मात्र ती उशाशी ठेवून झोपायची.

"एकाच पलंगावर दोन उशा?" तिमाने आत डोकावून विचारलं. "आणि ती घोरली तर?"

"घोरू दे. ओमारीबरोबर संसार केलाय मी. मला काय सांगतेस घोरण्याचं?"

"भांडकुदळ निघाली तर?"

"माझा हात ओळखणारं जगात एकच माणूस आहे, तिमा. मी काही तिला आता परत जाऊ देत नाही. इथेच ठेवून घेणार."

तेवढ्यात दारात सावली पडली. रिझिकीने पुढे होऊन त्या बाईला मिठीच मारली. हसू की रडू, तिला कळेना. बाईने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. बुरख्याखालून तिने एक टोपी काढून पुढे केली. जुनी, पिवळी पडलेली. रिझिकीची बोटं पट्टीवरून फिरली आणि एका फुलावर थांबली. एक भोक बंद होतं. ती ओमारीची लग्नातली टोपी होती.

"मी मुआनाशा," बाई म्हणाली. "सियूची. तो गेल्यावर कासिमला घेऊन भावाकडे फाझाला आले."

तिमाने तोंडावर हात ठेवला.

"मला भरतकाम कोणी शिकवलं नाही, ताई. तो दुपारी आडवा झाला की ही टोपी मांडीवर घ्यायचे आणि टाका बघून टाका घालायचे. ते बंद भोक दिसलं. मला वाटलं, अशीच रीत असणार. मग अथमानने एक पट्टी आणून दिली, म्हणाला हिला चकती भरून दे. बघितल्याबरोबर कळलं, ही तूच. नाव सांगितलं असतं तर तू चकती परत पाठवली असतीस."

"पाठवलीच असती!" रिझिकी कडाडली. दार लावून घ्यायला एक पाऊल पुरे होतं.

मुआनाशाने मान खाली घातली नाही. "अथमान आज परत जाणार आहे," ती म्हणाली. "तू म्हणशील तर जाते त्याच्याबरोबर. पण चोरून बोलायचा कंटाळा आला होता मला."

रिझिकी टोपीकडे बघत राहिली. ज्या घरापायी तिचं घर मोडलं, त्याच घरात तिची चूक कोणीतरी इतक्या मायेने गिरवत बसलं होतं. तिला राग आला होता, खूप आला होता. आणि या बाईला जाऊ द्यायचं नव्हतं, तेही तितकंच खरं होतं.

"घोरतेस का गं?" तिने दरडावून विचारलं.

"मी?" मुआनाशा चक्रावली. "छे! घोरायचा तो."

रिझिकी फिस्सकन हसली आणि उंबऱ्यातून बाजूला झाली.